घरामागे आपोआप उगवलेले, चिकट पानांचे आणि लोंबत्या गुलाबी फुलांचे हे झाड कोणते?

प्रश्न

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून एक अरुंद पडीक पट्टा आहे. तिथे कोणी काही लावत नाही. पाऊस सुरू झाला की जे तण आपोआप उगवते तेवढेच. यंदा त्या तणात एक अनोळखी झाड वर आले आणि बघता बघता बाकीच्या गवताला झाकून टाकण्याइतके पसरले. आता त्याला फुले लागली आहेत. गेले आठ दिवस मी त्याचे नाव शोधते आहे, पण खात्रीने सांगता येईल असे काही हाती लागलेले नाही. छायाचित्रे काढली होती, परंतु वाऱ्याने फुले हलत असल्यामुळे ती धूसर आली, म्हणून वर्णनच जमेल तितके नेमके करते.

झाड माझ्या कमरेच्या थोडे वर, म्हणजे सुमारे एक मीटर उंच आहे. खोड अंगठ्याहून जाड, पण लाकडासारखे टणक नाही. नख लावले तर रुतते. पाने तळहातापेक्षा मोठी, देठाकडे हृदयासारखी खाच असलेली, आणि त्यांची कडा सरळ गोल न जाता थोड्या थोड्या अंतरावर कोन काढत जाते. लांबून पाहिले तर भोपळ्याच्या पानांची आठवण येते. सगळ्यात लक्षात राहणारी गोष्ट म्हणजे त्याचा चिकटपणा. पान, देठ, खोड, कुठेही हात लागला तरी बोटांना काहीतरी लागते, आणि तो उग्र, नकोसा वास साबणाने हात धुतल्यावरही थोडा वेळ राहतो.

फुले मात्र फार सुंदर आहेत. फांदीच्या टोकाला त्यांचा घोस येतो आणि एकेक फूल खाली तोंड करून लोंबते. रंग फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरा. तोंडाशी पाच पाळ्या असून प्रत्येक पाळीवर गडद जांभळा डाग आहे, आणि फुलाच्या आत पाहिले तर घशाकडे जाणारी पिवळी रेघ दिसते.

मोबाइलमधील ॲपला तीन छायाचित्रे दाखवली, तर त्याने तीन नावे सांगितली: तीळ, फॉक्सग्लव्ह आणि धोतरा. शेजारच्या काकूंनीही वास घेऊन धोतरा असल्याचे सांगितले. घरात चार वर्षांचा मुलगा आहे आणि दिसेल त्या पानाला हात लावण्याची त्याला सवय आहे. त्यामुळे नाव कळण्याची उत्सुकता तर आहेच, पण झाड ठेवावे की काढावे हेही ठरवायचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

वर्णनावरून ही वाघनखी आहे. रानात पुष्कळ दिसते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

धन्यवाद. आपण सांगितलेल्या नावाने शोध घेतला, परंतु मला जे झाड दाखवले गेले ते वेगळेच आहे. त्याची फुले लाल-पिवळी, ज्वाळांसारखी वर वळलेल्या पाकळ्यांची आहेत आणि ते वेलासारखे चढते. आमचे झाड वेल नाही आणि त्याच्या फुलात लाल रंग नावालाही नाही. माझे वर्णन कुठे चुकले आहे का?

उत्तर २

ताई, तुमचे वर्णन चुकलेले नाही आणि आधीच्या उत्तरकर्त्यांचेही बहुधा चुकलेले नाही. घोळ नावाचा आहे. ‘वाघनखी’ हे नाव आपल्याकडे किमान दोन अगदी वेगळ्या वनस्पतींना दिले जाते. तुम्हाला शोधात सापडली ती कळलावी. तिला सहा पाकळ्या आणि सहा पुंकेसर असतात, पानाचे टोक लांब होऊन तंतूसारखे वळते आणि त्या तंतूच्या आधाराने ती चढते. दुसऱ्या वाघनखीला हे नाव फुलावरून नव्हे तर फळावरून मिळाले आहे आणि तिलाच ‘विंचू’ असेही म्हणतात. माझा अंदाज या दुसरीचा आहे. पण अंदाजावर थांबू नये असे मला मनापासून वाटते, विशेषतः घरात लहान मूल असताना आणि शेजारून धोतऱ्याचे नाव आलेले असताना. धोतऱ्यात ॲट्रोपीन आणि स्कोपोलामीन यांसारखी विषारी द्रव्ये असतात, त्याच्या बिया तर फारच घातक. तेव्हा ‘धोतरा नाही’ हे केवळ फुलाच्या रंगावरून म्हणणे पुरेसे नाही.

ॲपने दिलेली तिन्ही नावे निराधार नाहीत हेही आधी सांगतो. ॲपला फुलाचा आकार दिसतो. एका बाजूला किंचित फुगलेले, तोंडाशी पाच पाळ्यांचे, लोंबते गुलाबी फूल तिळालाही असते आणि फॉक्सग्लव्हलाही. मोठे पान आणि जाड मऊ खोड एवढेच चित्रात आले तर धोतरा आठवणे साहजिक आहे. छायाचित्रात जे सहसा येत नाही, म्हणजे पाने खोडावर कशी लागली आहेत, फुलाच्या आत किती पुंकेसर आहेत, देठाशी काय आहे, नेमके तेच ओळखीसाठी सर्वांत उपयोगी असते. झाडाजवळ जाऊन त्यालाच ते विचारावे लागते.

पहिल्यांदा पाने पाहा. खोडाच्या एकाच पेरावर दोन पाने समोरासमोर निघतात की एकाआड एक? फॉक्सग्लव्हची पाने एकाआड एक असतात. धोतऱ्याचीही तशीच, मात्र त्याच्या वरच्या भागात एक मोठे आणि एक लहान अशी दोन पाने कधी कधी जवळजवळ येऊन जोडी असल्याचा भास करतात, म्हणून निरीक्षण खालच्या आणि मधल्या भागात करावे. तिळाची खालची पाने समोरासमोर असली तरी वरची अरुंद होत जातात आणि एकाआड एक येतात. शिवाय त्याची फुले पानांच्या बेचक्यात सुटी सुटी लागतात, टोकाला घोसात नाही.

नंतर एक ताजे गळलेले फूल घेऊन ते ब्लेडने उभे चिरा आणि पांढऱ्या कागदावर उघडून ठेवा. आतले पुंकेसर मोजा. परागकोश असलेले, म्हणजे टोकाला पराग धरणारे किती आणि टोक नसलेले नुसते खुंट किती, हे वेगवेगळे मोजायला हवे. धोतऱ्यात पाच पूर्ण पुंकेसर असतात; तिळात आणि फॉक्सग्लव्हमध्ये चार. माझा अंदाज बरोबर असेल तर तुम्हाला फक्त दोन सापडतील. ज्या झाडाचा संशय आहे त्याच्या काही जवळच्या नातेवाइकांनाही असेच फूल आणि असाच चिकटपणा असतो, पण त्यांच्यात पूर्ण पुंकेसर चार असतात, म्हणून ही मोजणी दुहेरी कामाची आहे.

तिसरी गोष्ट झाडावरच्या फुलात पाहायची आहे, खुडलेल्या नाही. फुलाच्या आत वरच्या बाजूला छताला टेकलेली एक बारीक दांडी पुढे आलेली दिसेल आणि तिच्या टोकाला दोन चपट्या पाळ्या असतील. ती कुक्षी, म्हणजे पराग स्वीकारणारा भाग. गवताच्या कोरड्या काडीने त्या पाळ्यांच्या आतल्या बाजूला अगदी हलका स्पर्श करा आणि हात स्थिर ठेवून पाहत राहा. काय दिसते ते इथे लिहा. मी आधीच सांगत नाही, नाहीतर तेच दिसल्यासारखे वाटेल.

हे सगळे करताना हातमोजे घाला आणि डोळ्यांना हात लावू नका. नाव निश्चित होईपर्यंत मुलाला तिकडे जाऊ देऊ नये हे वेगळे सांगायला नको.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आज सकाळी ऊन चढण्याआधी तासभर झाडापाशी बसले. इतका वेळ एका तणाकडे मी यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

पाने समोरासमोर आहेत. तिथे अशी एकूण नऊ झाडे उगवली आहेत, त्या सर्वांवर तळापासून टोकापर्यंत पाहिले आणि प्रत्येक पेरावर जोडीच मिळाली. वेलासारखा तंतू कुठेही नाही. घरात मुलाच्या खेळण्यातले भिंग होते, त्यातून पानाकडे पाहिल्यावर चिकटपणाचे कारण समजले: पानावरची लव नुसती लव नाही, प्रत्येक केसाच्या टोकाला काचेसारखा चमकणारा एक सूक्ष्म थेंब आहे. काही पानांवर चिलटे आणि एक बारीकसा कोळी चिकटून मेलेला आढळला, त्यामुळे हे झाड किडे खाते की काय अशी नवी शंका मनात आली आहे.

फुलांच्या घोसात एक गोष्ट आधी नजरेतून सुटली होती. प्रत्येक फुलाच्या तळाशी, हिरव्या निदलांच्याही खाली, दोन पातळ गुलाबीसर पानांसारखे भाग आहेत. उमलायच्या कळीला ते दोन्ही बाजूंनी मिठी मारल्यासारखे झाकून असतात.

गळलेली तीन फुले चिरली. तिन्हींमध्ये परागकोश असलेले पुंकेसर दोनच होते. त्या दोघांचे परागकोश एकमेकांना असे चिकटलेले होते की आधी तो एकच भाग वाटला. टाचणीने सोडवावे लागले. शेजारी दोन आखूड खुंट आहेत, त्यांना टोकाशी काही नाही.

आणि ती दांडी. काडी लावल्यावर दोन-तीन सेकंद काहीच झाले नाही, मग त्या दोन पाळ्या पुस्तक मिटावे तशा हळूहळू एकमेकींवर मिटल्या. मला आधी वाटले की माझ्याच हाताने त्या दाबल्या गेल्या, म्हणून दुसऱ्या फुलात पुन्हा केले, मग तिसऱ्यात. प्रत्येक वेळी मिटल्या. लाजाळूची पाने मिटतात हे ठाऊक होते, परंतु फुलाच्या आतही असे काही घडत असेल याची कल्पना नव्हती. साधारण वीस मिनिटांनी परत पाहिले तेव्हा पहिल्या फुलातल्या पाळ्या पुन्हा अर्धवट उघडलेल्या होत्या.

उत्तर २

ताई, इतके नीट निरीक्षण कोणी लिहून पाठवले की उत्तर देणाऱ्याचे काम उरतच नाही. समोरासमोर पाने, थेंब धरणारी ग्रंथियुक्त लव, निदलांखालचे दोन गुलाबी छद, एकमेकांना जुळलेल्या परागकोशांचे दोनच पूर्ण पुंकेसर आणि स्पर्शाने मिटणारी कुक्षी: या सर्व खुणा एकत्र आल्यावर शंकेला जागा राहत नाही. हे झाड विंचू, शास्त्रीय नाव मार्टिनिया ॲन्युआ. धोतरा नक्की नाही.

लिनियसने या जातीला हे नाव १७५३ मध्ये दिले. त्यातील ‘मार्टिनिया’ हे केंब्रिजमधील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन मार्टिन यांच्या नावावरून आहे आणि ‘ॲन्युआ’ म्हणजे वर्षायू, एका हंगामात आयुष्य संपवणारे. मूळचे हे झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे. आज ते उष्ण कटिबंधातील अनेक देशांत पडीक जमिनींवर, रस्त्यांच्या कडेला आणि उकिरड्यांच्या आसपास आपोआप वाढते. पूर्वी त्याला तिळाच्या कुलात गणले जात असे, त्यामुळे ॲपने तिळाचे नाव सुचवले याचे मला नवल वाटत नाही. आता मार्टिनिएसी हे स्वतंत्र कुल मानले जाते.

कुक्षी का मिटते हेही सांगावेसे वाटते, कारण तुम्ही ते डोळ्यांनी पाहिले आहे. मधमाशी फुलात शिरताना तिची पाठ छताला घासते. वाटेत आधी कुक्षी लागते आणि नंतर परागकोश. दुसऱ्या फुलावरून आणलेले पराग पाठीवर असतील तर ते कुक्षीवर उतरतात आणि स्पर्शामुळे पाळ्या मिटतात. माशी पुढे जाते, तिच्या पाठीला याच फुलाचे पराग लागतात, ती मागे सरकत बाहेर येते, परंतु तोवर दार बंद झालेले असते. त्यामुळे फुलाचे स्वतःचेच पराग स्वतःच्या कुक्षीवर पडण्याची शक्यता कमी होते. काडीने पराग आले नाहीत, म्हणून तुमच्या फुलातल्या पाळ्या पुन्हा उघडू लागल्या. जमल्यास एखाद्या सकाळी माशीची वाट पाहा, बाहेर येताना तिच्या पाठीवर फिकट पट्टा दिसतो.

किडे खाण्याबद्दल: पानाला कीटक चिकटणे आणि झाड कीटकभक्षी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘दवबिंदू’ नावाची कीटकभक्षी वनस्पती कीटक पकडते, त्यावर पाचक रस सोडते आणि त्यातली पोषकद्रव्ये शोषून घेते. नुसते पकडून ठेवणे एवढ्यावर ते नाव देता येत नाही. चिकट लव लहान किड्यांना पाने कुरतडू देत नाही, एवढा उपयोग मात्र सहज समजण्यासारखा आहे.

उत्तर ३

वरील ओळख योग्य आहे असे माझेही मत आहे. फक्त ‘ठेवावे की काढावे’ हा ताईंचा दुसरा प्रश्न मागे राहिला, आणि त्याचे उत्तर फळात आहे, म्हणून थोडे त्याविषयी लिहितो.

फूल गळल्यावर जे फळ धरते ते सुरुवातीला हिरवे, मांसल आणि टोकाशी चोचीसारखे वाकलेले असते. त्यात भीतिदायक काही दिसत नाही. फळ पिकले की हिरवी साल सुकते, फाटते आणि गळून पडते. आत राहते ते तीन-चार सेंटिमीटरचे, लाकडासारखे कठीण, काळपट बोंड. त्या बोंडाच्या टोकाला मागे वळलेले दोन तीक्ष्ण आकडे असतात. विंचवाची नांगी म्हणा किंवा वाघाचे नख म्हणा, दोन्ही नावे इथूनच आली. हे आकडे शोभेचे नाहीत. बोंड जमिनीवर पडून राहते, जाणाऱ्या-येणाऱ्या जनावराच्या खुरात, केसाळ पायात किंवा कातडीत आकडे रुततात आणि आतल्या बियांना बरोबर घेऊन ते दूरवर जाते. ज्या कारणाने झाडाचा प्रसार होतो त्याच कारणाने जनावरांना जखमा होतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात ते उपद्रवी तण म्हणून उपटून काढले जाते.

तुमच्याकडे नऊ झाडे आहेत आणि अनवाणी फिरणारे मूल आहे, तेव्हा माझा सल्ला स्पष्ट आहे: फळे हिरवी असतानाच झाडे काढा. माती ओली असताना हातमोजे घालून बुंध्याशी धरून उपटले तर सहज निघते. उपटलेली झाडे तिथेच ढीग करून ठेवू नका, कारण बऱ्यापैकी वाढलेली फळे उपटल्यानंतरही सुकून बोंडे तयार होण्याची शक्यता असते. फळे आधी वेगळी खुडून पिशवीत बंद करावीत. पुढच्या पावसात त्या पट्ट्यावर पुन्हा नजर ठेवा. रोप लहान असताना त्याला शंकेश्वराचे रोप समजण्याची चूक होते, कारण दोघांची पाने रुंद आणि कोनाकोनांची असतात. परंतु शंकेश्वराची पाने एकाआड एक आणि खरखरीत असतात, चिकट नसतात. बोट लावले की फरक कळतो.

एक गोष्ट आवर्जून लिहितो. फळ विंचवासारखे दिसते म्हणून ते उगाळून विंचवाच्या दंशावर लावावे असे सांगणारे लोक भेटतील. आकार सारखा आहे म्हणून गुण येतो असे मानण्याला काहीही आधार नाही आणि लहान मुलांच्या बाबतीत विंचूदंश हृदयावर परिणाम करू शकतो. तिथे उगाळण्यात गेलेली दहा मिनिटेसुद्धा महाग पडतात. दंश झाला तर सरळ दवाखाना गाठावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर देण्यास पाच आठवडे लागले, कारण शेवटची खूण स्वतः पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

सांगितल्याप्रमाणे आठ झाडे त्याच आठवड्यात उपटली. फळे मोजून पिशवीत बांधली, सत्तेचाळीस निघाली. एक झाड मात्र भिंतीच्या कोपऱ्यात ठेवले आणि त्याभोवती जाळी बांधून घेतली, म्हणजे मुलाचा हात पोहोचणार नाही. मधमाशी दोनदा दिसली. दुसऱ्या वेळी ती फुलातून उलटी बाहेर येताना पाठीच्या मधोमध पिठासारखी रेघ होती आणि ती जाताच मी आत पाहिले, पाळ्या मिटलेल्या होत्या. त्या तासाभरानेही उघडल्या नाहीत.

फळांचा क्रम उत्तर ३ मध्ये लिहिला तसाच घडला. हिरवी चोच आधी करडी झाली, मग तिच्यावर उभी चीर पडली. साल दोन्ही बाजूंनी मागे सरत गेली आणि आतून काळे, चकचकीत बोंड उघडे पडले. चोच जिथे एकसंध होती तिथे आता दोन आकडे होते, टोके सुईसारखी. शेजारच्या काकूंना बोलावून दाखवले, त्यांनाही धोतरा नसल्याची खात्री पटली. धोतऱ्याचे काटेरी गोल फळ त्यांच्या चांगल्या ओळखीचे होते, पण पानांवर बोलताना ते त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

त्यानंतर तेही झाड काढले. काढण्यापूर्वी त्यावर अकरा फळे मोजून ठेवली होती, आणि खाली वाकून, गवत बाजूला सारत कितीही शोधले तरी दहाच भरत होती. अकरावे संध्याकाळी सापडले. ते माझ्या चपलेच्या तळव्यात दोन्ही आकडे रुतवून घराच्या उंबऱ्यापर्यंत आले होते.